लीज्ड लाइनवर मोडेम जोडेना तेव्हा

इंदूरला राजवाड्याजवळ काकांची पेढी, सियागंजात गोदाम. मधे दोन तारांची लीज्ड लाइन (टेलिफोन कंपनीकडून भाड्यानं घेतलेली, कायम जोडलेली तार), दोन्ही टोकांना जुने डायल-अप मोडेम (संगणकाला फोनच्या तारेवर बोलतं करणारी पेटी). कॅरियरचा दिवा (पलीकडच्या मोडेमचा सूर मिळाल्याची खूण) काही लागेना. काका म्हणाले, "लाइनच खराब आहे रे, तक्रार लिहून टाक."

लाइन चांगली होती. पण अशा लाइनवर ना डायल टोन, ना रिंग, मग मोडेम नुसता वाट बघत बसतो. एकानं हाक मारायची, दुसऱ्यानं ओ द्यायची, हे आपणच ठरवून द्यावं लागतं.

टर्मिनलवर (संगणकावरून मोडेमला आदेश द्यायची खिडकी) 'एटी' टाइप केलं, 'ओके' आलं. दोन्हीकडे 'एटी&एल१', म्हणजे लीज्ड लाइन (हा आदेश कंपनीगणिक बदलतो, पुस्तिका बघाच). मग पेढीत 'एटीएक्स१डी' (हाक मारायचा आदेश), कारण एक्स१मुळे तो डायल टोनसाठी अडत नाही. गोदामात 'एटीए' (ओ द्यायचा). खर्रर्र आवाज झाला आणि दिवा लागला.

तरी संगणक रीस्टार्ट केला की जोडणी तुटायची. मोडेम डीटीआर सिग्नल (संगणक तयार असल्याची खूण) पडला की फोन ठेवतो, म्हणून तिकडे दुर्लक्ष करायला '&डी०'. लाइनवर क्षणभर खरखर आली तरी सोडू नये यासाठी 'एस१०=२५५'. शेवटी हे सगळं मोडेममध्ये जपून ठेवायला '&डब्ल्यू', नाहीतर वीज गेली की सेटिंग गेली, आणि सियागंजात वीज जायला कारण लागत नाही.