निळे कण

समुद्रातलं मायक्रोप्लास्टिक, म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण, मोजायला नव्याने निघालेल्यांनो, आधी माझी चूक ऐका. पाणी गाळलेल्या फिल्टरवर पहिल्यांदा निळे कण दिसले तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. १४ पैकी ११ नमुन्यांत! प्रयोगशाळेतला ब्लँक, म्हणजे नमुना न घालता तशीच केलेली कोरी चाचणी, स्वच्छ होता, म्हणजे हे समुद्रातलेच असं ठरवून मी आलेखही काढून टाकला.

तो आमच्याच बोटीचा रंग होता.

हे सविस्तर सांगते. प्रयोगशाळेतला ब्लँक तिथलीच घाण पकडतो: हवेतले धागे, आपले कपडे, न गाळलेलं पाणी. डेकवर काय झालं ते त्याला कळायचं कारणच नाही. आम्ही मॅन्टा जाळी, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग गाळणारी जाळी, थेट बोटीमागच्या फेसात ओढत होतो. बोटीच्या अंगाचे पोपडे सुटत होते, ते सरळ ३३३ मायक्रॉनच्या जाळीत. शिवाय बोटीच्या पंख्याने पाणी घुसळून तरंगणारे खरे कण खाली जातात ते वेगळंच. जाळी बाजूच्या दांडीवरून, फेसाबाहेर ओढा. निघण्याआधी बोटीचा रंग, दोरखंड, बादल्या यांचा चिमूटभर नमुना फॉइलमध्ये बांधा आणि एफटीआयआरवर (पदार्थ ओळखणाऱ्या इन्फ्रारेड यंत्रावर) त्यांचे स्पेक्ट्रम, म्हणजे ओळखीचे ठसे, घेऊन ठेवा. मी ते सहा महिन्यांनी घेतले.

खूण तर समोरच होती. पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन साध्या पाण्यातही तरंगतात. प्लास्टिक तरंगवून वेगळं काढायला वापरतात त्या १.२ घनतेच्या मिठाच्या द्रावणातही माझे कण तळाला बसत होते. विचित्र वाटलं, पण हावरटासारखा तळही गाळला आणि तेही मोजले.

बाकी फार घाबरू नका. नमुन्यातला सेंद्रिय कचरा जिरवायला घातलेलं पेरॉक्साइड एकदा उतू जाणारच. भांडं मोठं घ्या, आच मंद ठेवा. वाऱ्याचा वेग लिहा. जाळीतून गेलेलं पाणी मोजणाऱ्या फ्लोमीटरचा सुरुवातीचा आकडा जाळी टाकण्याआधी लिहिला नाही, तर मात्र तो नमुना फेकून द्या. किती पाणी गाळलं तेच माहीत नसेल तर कण मोजून काय करणार?

नाईल रेडने, म्हणजे प्लास्टिकला चिकटून चमकणाऱ्या रंगाने, कण रंगवून सॉफ्टवेअरला मोजायला लावणं मला पटत नाही. नीट न जिरलेले सेंद्रिय तुकडेही चमकतात.

संशोधनासाठी गाईड निवडताना ते शेवटचे बोटीवर कधी गेले होते ते विचारा. माझे गाईड आलेखावर खूश होते. कोडं सोडवलं एका खलाशाने. फोटो बघून म्हणाला, “मॅडम, त्या आठवड्यात आम्ही बाजू खरवडली होती की.”

निळे कण वगळल्यावर आकडे निम्म्यावर आले. तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न होता, बोट कोणत्या रंगाची?