इंदूरहून नाशिकच्या द्राक्षमळ्यात : कौटुंबिक वायनरी आणि तिची फ्रेंच धाटणीची वाइन कशी पारखावी

इंदूरच्या मराठी घरांतून नाशिकला जाणे होतच असते. कुणाचे माहेर तिकडचे असते, कुणाला त्र्यंबकेश्वरला विधी करायचा असतो. ए. बी. रोडने खलघाट, सेंधवा, शिरपूर, धुळे आणि मालेगाव असे सुमारे ३५० किलोमीटर अंतर कापत आपण चांदवड ओलांडले, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा दिसू लागतात. त्यांतल्या बहुतेक खाण्याच्या द्राक्षांच्या असतात. वाइनच्या द्राक्षांचे अनेक मळे दिंडोरी, गंगापूर धरण आणि इगतपुरी या बाजूंना आहेत. यांपैकी एखाद्या कुटुंबाने चालवलेल्या मळ्यावर कसे जावे, तिथे काय विचारावे आणि आणलेली बाटली इंदूरच्या हवेत कशी सांभाळावी, हे येथे क्रमाने सांगतो.

जाण्याचा काळ जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतचा निवडावा. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपी जातो, एकदाच छाटला जातो आणि द्राक्षे साधारण सप्टेंबरात तोडली जातात. नाशिकच्या हवेत वेलाला तशी पुरती विश्रांती मिळत नाही, म्हणून आपला बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. पीक मात्र एकच घेतले जाते, आणि ते थंडीत वाढून उन्हे तापायच्या आत तोडणीला येते. या दिवसांत गेल्यास वेलीवर घड दिसतात, तोडणी आणि गाळप चालू असते. मे महिन्यात गेलात तर छाटलेल्या वेली आणि सजवलेले दालन एवढेच पाहून परतावे लागेल.

मळा निवडताना तो आज कुणाच्या मालकीचा आहे हे आधी विचारून घ्यावे, कारण या धंद्यात मालकी बदलत राहते. गंगापूर धरणाजवळची ‘यॉर्क’ ही वायनरी गुरनानी कुटुंबाने उभारली होती. २०२१ मध्ये ती ‘सुला’ या नाशिकच्याच मोठ्या वाइन कंपनीने घेतली. फ्रेंच जातींच्या द्राक्षांवर भर देणारी छोटी वायनरी पाहायची असेल तर इगतपुरी तालुक्यात शैलेंद्र पै यांनी उभारलेली ‘व्हॅलोने’ आहे. आपल्याकडे फ्रेंच पद्धतीची ही वाट जुनी आहे. १९८० च्या दशकात कंवल ग्रोव्हर यांनी बंगळूरजवळच्या नंदी हिल्सच्या परिसरात फ्रेंच जातींच्या वेली लावल्या, तेव्हा फ्रान्सच्या शँपेन प्रांतातील जॉर्ज व्हेसेल यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले होते आणि पुढे तिथल्याच बोर्दो प्रांताचे मिशेल रोलाँ त्यांचे सल्लागार झाले. छोट्या वायनरीत फोन करून, वेळ ठरवूनच जावे. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळावा, म्हणजे वाइन बनवणाऱ्या माणसाशी निवांत बोलता येते.

पोहोचल्यावर प्याल्याकडे वळण्याआधी बाग पाहण्याची विनंती करावी. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा, की द्राक्षे स्वतःच्या बागेतली आहेत की करारावर शेतकऱ्यांकडून घेतलेली आहेत. करारावर द्राक्षे घेण्यात काही गैर नाही, अनेक मोठ्या वायनऱ्या तसेच करतात. पण कुटुंबाने स्वतः राखलेल्या बागेतून वाइन येते तेव्हा कोणत्या तुकड्यावर कोणती जात लावली, वेलीवर किती घड ठेवले आणि तोडणी कोणत्या दिवशी केली, या तिन्ही गोष्टींचा जाब एकाच माणसाला विचारता येतो. तोडणीचा दिवस तर नीट विचारावाच. ऊन वाढू लागले की द्राक्षात साखर झपाट्याने भरते आणि आम्लता तितक्याच झपाट्याने उतरते, म्हणून साधारण २२ ते २४ ब्रिक्सच्या (रसातील साखर मोजण्याचे एकक) आसपास, रात्री किंवा पहाटेच्या गारव्यात, तोडणी करण्याकडे चांगल्या बागायतदाराचा कल असतो. या प्रश्नाला नेमके उत्तर देणाऱ्या मळ्याची वाइन मी विश्वासाने घेतो.

‘फ्रेंच धाटणी’ हे शब्द कोणालाही वापरता येतात, त्यामुळे त्यामागे काय आहे ते उलगडून पाहावे. कॅबर्ने सोव्हिन्यो आणि मर्लो या काळ्या द्राक्षांच्या जातींचे मिश्रण हा बोर्दोचा रिवाज आहे. तिथल्या नदीच्या डाव्या काठावर पहिलीचा आणि उजव्या काठावर दुसरीचा वरचष्मा असतो. सिरा आणि व्हियोनिये या ऱ्होन खोऱ्याच्या जाती आहेत आणि त्या खोऱ्यातील कोत-रोतीच्या लाल वाइनमध्ये सिराबरोबर २० टक्क्यांपर्यंत पांढरी व्हियोनिये घालण्याची मुभा आहे. शेनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यो ब्लाँ लुआर खोऱ्यात नावाजलेल्या आहेत. मळ्यावर जे मिश्रण केले असेल ते कोणत्या प्रांताच्या वळणाचे आहे आणि त्यातले प्रमाण दरवर्षी चव घेऊन ठरते की ठरलेलेच असते, हे विचारावे. त्यानंतर पिंपांकडे वळावे. बोर्दोचे ओकचे पिंप २२५ लिटरचे असते. ते नवे असेल तर वाइनला व्हॅनिला, लवंग आणि भाजक्या लाकडाचा गंध जास्त देते, जुने असेल तर कमी. पिंपे फ्रेंच ओकची आहेत का, त्यांत वाइन किती महिने ठेवली, आणि पिंपाऐवजी ओकचे तुकडे टाकून काम भागवले आहे का, हे संकोच न करता विचारावे. ज्या वाइनमध्ये लाकडाचा वास येतो आणि फळाचा येत नाही, ती कितीही महाग असली तरी मी तिला चांगली म्हणणार नाही.

चव घेताना फसफसणारी, पांढरी, गुलाबी, लाल आणि शेवटी गोड असा क्रम ठेवावा. आदल्या रात्री मुक्काम तिथेच केलेला असावा, सकाळी पोटभर पण कमी तिखटाचा नाश्ता झालेला असावा आणि अत्तर लावू नये. प्याला पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहावा, आधी न हलवता वास घ्यावा, मग हलवून पुन्हा घ्यावा. घोट तोंडात फिरवल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटले तर ती आम्लता. हिरड्या कोरड्या पडल्या तर तो साल-बियांतून आलेला तुरटपणा. आणि घोट गेल्यावरही चव किती वेळ रेंगाळते ते मनात मोजावे. थुंकण्यासाठी ठेवलेले भांडे वापरण्यात लाजू नये, चव घेणे हेच काम असलेली माणसेही तेच करतात. गाडी चालवणाऱ्याने मात्र एकही घोट घेऊ नये.

खरेदीपूर्वी एक गोष्ट पक्की करावी. महाराष्ट्रात घेतलेली बाटली राज्याची हद्द ओलांडून मध्य प्रदेशात आणायला आबकारी नियम लागू होतात, म्हणून निघण्याआधीच इंदूरच्या आबकारी कार्यालयात किती आणि कशी आणता येते ते विचारावे. अनेकदा तीच वाइन इंदूरच्या परवानाधारक दुकानात मागवणे सोपे पडते. मध्य प्रदेशात २१ वर्षांखालील कोणालाही मद्य विकत मिळत नाही. बाटल्या सोबत आणणार असाल तर त्या बंद गाडीत उन्हात ठेवू नयेत. धुळ्याला जेवायला थांबलेल्या तासाभरातही गाडी भट्टीसारखी तापते आणि वाइन शिजते.

घरी कॉर्कची बाटली आडवी, अंधारात आणि घरातल्या सर्वांत थंड जागी ठेवावी; फिरकीच्या झाकणाची उभी ठेवली तरी चालते. इंदूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे वाइनचे खास कपाट नसेल तर मार्चनंतर बाटल्या फ्रिजमध्ये हलवाव्यात. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी ही सूचना थंड युरोपीय घरांसाठी आहे. आपण ती फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर आणावी, पांढरी ८ ते १२ अंशांवर द्यावी. किंचित गोडसर शेनँ ब्लाँ गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याच्या किसाबरोबर फार छान लागते, सोव्हिन्यो ब्लाँ कोथिंबीर वडीबरोबर, आणि सिरा मटणाच्या रश्श्याबरोबर, मात्र तिखट बेताचे हवे, कारण तिखटाने तुरटपणा आणि मद्याचा जळजळीतपणा दोन्ही वाढतात. भारतीय पांढऱ्या वाइन बहुधा वर्षा-दोन वर्षांत संपवायच्या असतात. उघडलेली बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवल्यास तीन-चार दिवस चांगली राहते. त्यानंतर उरलेली लाल वाइन मटण शिजवताना घालावी.