माथेरान पायी बघायचं असेल तर

मुंबईतले बहुतेक लोक माथेरानला जातात म्हणजे काय करतात, दस्तुरीला, म्हणजे गाड्या जिथं थांबतात त्या नाक्यावर, उतरले की घोडा, मग घोडेवाला सांगेल ते बारा पॉइंट, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं फोटो, मक्याचं कणीस, चिक्की आणि परत. त्यात मजा नाही असं नाही, पण ज्या गावात गाडीला बंदी आहे तिथं जाऊन चालायचंच नाही हे काही मला पटत नाही.

आधी जायचं कसं. कर्जत किंवा खोपोली लोकल पकडून नेरळ, तिथून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका. टॉय ट्रेन मिळाली तर उत्तमच, 1907 ची लाइन आहे, दोन फुटी रूळ, पण ती वेळ खाते आणि पावसाळ्यात नेरळहून बंद असते, तेव्हा फक्त अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्टेशन) ते माथेरान शटल चालते. दस्तुरीला प्रवेश कर भरायचा आणि तिथून बाजारापर्यंत सरळ रुळाच्या बाजूने चालायला लागायचं, पाऊण तास फार तर. सावली आहे, चढ जवळजवळ नाही, सामान सॅकमध्ये असलं की झालं (चाकांची बॅग आणू नका प्लीज, लाल मातीत आणि दगडांत ती ओढताना लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात).

आता पॉइंट. सगळे करायचे नाहीत. डोंगर वरून सपाट आणि कडेने तुटलेला आहे, म्हणून प्रत्येक पॉइंट म्हणजे एकेका कड्याचं टोक, आणि एका दिवसात सगळी टोकं गाठायला गेलात की एकही नीट बघून होत नाही. उजेडाच्या हिशोबाने जा. पहाटे पॅनोरमा, ते अगदी उत्तर टोकाला आणि बाजारापासून चांगलंच लांब, म्हणून अंधारातच निघायचं, टॉर्च हवीच कारण जंगलातल्या वाटांवर दिव्यांचा भरवसा नाही. तिथून खाली नेरळ आणि समोर पेबचा किल्ला दिसतो. दुपारी ऊन असताना शार्लोट लेककडची बाजू धरा, झाडी दाट आहे, पिसारनाथाचं देऊळ तिथंच, तलावात मात्र उतरू नका, गावाचं पिण्याचं पाणी आहे ते. तिथून इको आणि लुइझा पॉइंट, समोर प्रबळगड. संध्याकाळी सनसेट पॉइंटला गर्दी असते, मला स्वतःला लुइझालाच बसून राहणं जास्त आवडतं. झाडांत वर बघत चाला, नशीब असेल तर शेकरू दिसेल.

दक्षिणेला वन ट्री हिल. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट पायथ्याच्या चौक गावाकडून याच बाजूने वर आला होता आणि मग इंग्रजांनी इथे बंगले बांधले, पण खालच्या वाड्यांतले ठाकर-कातकरी लोक त्याच्या कितीतरी आधीपासून या वाटा वापरतायत. वन ट्री हिलजवळून खाली उतरते ती वाट म्हणजे शिवाजी लॅडर, पूर्ण उतरायची नसेल तरी थोडी खाली जाऊन बघा.

आणि खरंच पाय मोकळे करायचे असतील तर टॅक्सी सोडाच. नेरळच्या पुढचं स्टेशन भिवपुरी रोड, तिथं उतरायचं, डिकसळ गावातून पाली भूतिवली धरणाच्या बाजूने सागाची वाडी, मग गार्बटचं पठार आणि वर गार्बट पॉइंट. निवांत चाललात तर अर्धा दिवस जातो. पहिल्यांदा जात असाल तर वाडीतला कोणीतरी वाटाड्या घ्या, चार पैसे त्यांनाही मिळतात आणि ढोरवाटांमध्ये तुम्ही भरकटत नाही. भर पावसात ओढे अचानक फुगतात, जोराचा पाऊस चालू असेल तर हा रूट नकोच. सप्टेंबर संपता संपता जा, गवत हिरवं असतं आणि धुकं बाजूला झालेलं असतं. जुलैमध्ये वर जाऊन कड्यावर उभं राहिलात तर समोर नुसतं पांढरं, आणि दगडांवर शेवाळ.

माकडांचं सांगायलाच हवं. हातात प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे त्यांच्यासाठी खाऊच, आत चार्जर असला तरी. खाणं सॅकच्या आत, चेन लावून. पाणी बाजारातूनच भरून घ्या, लांबच्या पॉइंटवर टपरी उघडी असेलच असं धरून चालू नका. बूट जुने घाला, पांढरे घातलेत तर ते परत कधी पांढरे होणार नाहीत.

रविवारी संध्याकाळी दस्तुरीला टॅक्सीसाठी झुंबड उडते, म्हणून एकतर दुपारी जेवून लगेच निघा नाहीतर निवांत सूर्यास्त बघून उतरा, मधल्या वेळेत अडकू नका, आणि नेरळला लोकलची वेळ आधीच बघून ठेवा, कर्जत लाइनला एक गाडी चुकली की पुढचीसाठी बराच वेळ प्लॅटफॉर्मवर वडापाव खात बसावं लागतं.