कुटुंबाची छायाचित्रे भिंतीवर लावण्यापूर्वी

घरातल्या भिंतीवर कुटुंबाची छायाचित्रे लावायची ठरली की आपण लगेच फ्रेमचा रंग आणि नक्षी पाहू लागतो. खरे तर आधी पाहायला हवे ते छायाचित्राकडे. ज्याची दुसरी प्रत नाही आणि निगेटिव्हही उरलेली नाही, असे मूळ छायाचित्र कधीही भिंतीवर लावू नये. त्याची चांगली प्रत काढून ती लावावी. प्रकाशामुळे होणारी हानी थोडी थोडी साठत जाते आणि एकदा उडालेला रंग मूळ कागदावर पुन्हा आणता येत नाही. १९७० च्या दशकातली कितीतरी रंगीत छायाचित्रे आज लालसर किंवा पिवळट दिसतात, कारण त्या कागदांतले रंग मुळातच अल्पजीवी होते. जुनी कृष्णधवल छायाचित्रे त्या मानाने टिकाऊ असतात, पण ओल आणि निकृष्ट पुठ्ठा यांच्यापुढे तीही हार मानतात.

आमच्या घरी आजी-आजोबांचे दोघांचे मिळून एकच छायाचित्र होते आणि ते वर्षानुवर्षे काचेला अगदी टेकलेल्या अवस्थेत भिंतीवर होते. फ्रेम बदलण्यासाठी ती उघडली, तेव्हा आजीच्या खांद्यावरचा पदर काचेला चिकटलेला आढळला. मी एक कोपरा धरून हलकेच उचलला, तर कागद वर आला आणि पदर काचेवरच राहिला. छायाचित्राचा वरचा थर जिलेटिनचा असतो. दमट हवेत तो मऊ होतो आणि काचेला धरून बसतो. तुमच्याकडे असे चिकटलेले छायाचित्र असेल तर ते ओढू नका, त्याखाली पातेही घालू नका. काच पुसून, काचेसकटच त्याचे स्कॅनिंग करून घ्या.

स्कॅनिंगसाठी फोनपेक्षा सपाट काचेचा स्कॅनर केव्हाही चांगला, कारण त्यात कडा वाकड्या येत नाहीत आणि प्रकाश सर्वत्र सारखा पडतो. किती बारकाईने स्कॅन करायचे, हे छापील प्रत किती मोठी हवी यावर ठरते. छापण्यासाठी दर इंचाला ३०० बिंदू पुरेसे असतात. म्हणून २ बाय ३ इंचांचे छायाचित्र ६०० बिंदूंवर स्कॅन केले तर त्याची ४ बाय ६ इंचांची स्वच्छ प्रत मिळते, आणि ८ बाय १२ इंचांची हवी असेल तर १२०० बिंदूंवर स्कॅन करावे लागते. काम झाले की मूळ छायाचित्र आम्लविरहित कागदाच्या पाकिटात घालून कोरड्या, अंधाऱ्या कपाटात ठेवावे.

आता फ्रेम. काच आणि छायाचित्र यांच्यात अंतर राहावे म्हणून मध्ये माउंट, म्हणजे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, घालतात. तो शोभेसाठी असतो असे पुष्कळांना वाटते, परंतु आजीच्या पदराचे जे झाले ते टाळणे हे त्याचे पहिले काम आहे. माउंट आणि छायाचित्रामागचा पुठ्ठा, दोन्ही आम्लविरहित असल्याची खात्री करून घ्यावी. साध्या पुठ्ठ्यातले आम्ल कागदात उतरते आणि काही वर्षांनी खिडकीच्या कडेने तपकिरी रेघ उमटते. ४ बाय ६ इंचांचे छायाचित्र ८ बाय १० इंचांच्या फ्रेममध्ये बसवले तर चारही बाजूंना सुमारे दोन इंच मोकळी जागा मिळते, आणि लहान छायाचित्रही भिंतीवर उठून दिसते. खिडकी प्रत्येक बाजूने ३ मिलिमीटर लहान कापावी, म्हणजे छायाचित्राची कड माउंटखाली धरली जाते. छायाचित्र चिकटपट्टीने किंवा डिंकाने डकवू नये. चार कोपऱ्यांना कागदी कोपरे लावून त्यांत ते अडकवावे, म्हणजे हवामानाप्रमाणे कागदाला थोडे हलता येते.

फ्रेमच्या रंगाबद्दल एवढेच सांगेन की छायाचित्रे वेगवेगळ्या काळांतली असतील तर माउंट सर्वांना एकाच रंगाचे घ्यावे. मग फ्रेम वेगळ्या असल्या तरी भिंत विस्कळीत दिसत नाही.

जागा निवडताना थेट ऊन येणारी भिंत, ओल धरणारी बाहेरची भिंत आणि स्वयंपाकाची वाफ पोहोचणारा कोपरा वगळावा. अतिनील किरण अडवणारी काच उपयोगी असते, पण दृश्य प्रकाशानेही रंग उडतात. त्यामुळे तशी काच आहे म्हणून फ्रेम उन्हात लावणे चुकीचे ठरेल.

अनेक छायाचित्रे एकत्र लावायची असतील तर प्रत्येक फ्रेमच्या मापाचा कागद कापून, ते सगळे कागद आधी जमिनीवर मांडून पाहावेत. सर्वांत मोठी फ्रेम प्रथम ठेवावी, दोन फ्रेममध्ये साधारण ५ सेंटीमीटर अंतर राखावे, आणि कडेच्या छायाचित्रांतली माणसे शक्यतो आतल्या बाजूला पाहणारी असावीत. बाहेर पाहणारा चेहरा आपली नजरही भिंतीबाहेर नेतो. मांडणी मनासारखी झाली की तेच कागद सहज निघणाऱ्या कागदी चिकटपट्टीने भिंतीवर लावून एक-दोन दिवस तसेच राहू द्यावेत. या दोन दिवसांत घरातली माणसे जे बदल सुचवतात, ते बहुधा योग्यच असतात.

फ्रेमचा, किंवा संपूर्ण समूहाचा, मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटरवर आला की उभ्या माणसाच्या नजरेला तो सोयीचा पडतो. खुंटीची उंची मात्र मोजून काढावी लागते. समजा, फ्रेम ४० सेंटीमीटर उंच आहे आणि मागची तार वर ताणली असता फ्रेमच्या वरच्या कडेपासून ६ सेंटीमीटर खाली राहते. मध्य १४८ वर हवा असेल, तर १४८ मध्ये उंचीचे निम्मे म्हणजे २० मिळवून त्यातून ६ वजा करावेत: खुंटी १६२ वर येईल. पक्क्या भिंतीत ड्रिलने भोक पाडून प्लग आणि स्क्रू बसवावा. नुसता खिळा ठोकला तर गिलावा फुटतो आणि वजन हळूहळू खाली येते. जड फ्रेमला एकाऐवजी दोन खुंट्या द्याव्यात आणि त्या समपातळीत आहेत का हे पाणसळीने तपासावे, म्हणजे फ्रेम तिरकी होत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांमागे रबराच्या लहान चकत्या चिकटवल्या तर भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये हवा खेळती राहते.

फ्रेम बंद करण्यापूर्वी मूळ छायाचित्राच्या पाठीवर काही लिहिलेले असेल तर ते जसेच्या तसे एका कागदावर उतरवून घ्यावे. त्याच कागदावर माणसांची नावे डावीकडून उजवीकडे, माहीत असेल तर वर्ष, आणि मूळ छायाचित्र कोणत्या कपाटात ठेवले आहे तेही पेन्सिलीने लिहून तो फ्रेमच्या मागे लावावा. वर्षातून एकदा प्रत्येक फ्रेम उतरवून मागे ओल किंवा कसर लागली आहे का ते पाहावे, आणि काच पुसताना पाणी काचेवर न फवारता फडक्यावर घ्यावे, कारण काचेवरून ओघळलेले पाणी फ्रेमच्या खाचेतून थेट माउंटमध्ये उतरते.