सिलिकॉनच्या पट्टीवरील काळी बुरशी

बाथरूममध्ये भिंत आणि फरशी यांच्या सांध्यातील सिलिकॉनच्या पट्टीवर धरलेली काळी बुरशी नुसते ब्लीच ओतून जात नाही, कारण ते डागावर न थांबता ओघळून जाते. त्याऐवजी टिश्यू पेपरच्या बोटाएवढ्या जाड वाती वळाव्यात, हातमोजे घालून त्या ब्लीचमध्ये भिजवाव्यात आणि डागावर घट्ट दाबून तीन-चार तास तशाच राहू द्याव्यात. नंतर ती जागा भरपूर पाण्याने धुऊन कोरडी पुसावी. पट्टी आतूनच काळी पडली असेल, तर मात्र ती खरवडून नवी भरणेच बरे. खिडकी उघडी ठेवावी आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर, अमोनिया किंवा टॉयलेट क्लीनर थेंबभरही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू तयार होतो.