पुण्यात मोटारीच्या फेऱ्या कमी कशा कराव्यात : सायकल, मेट्रो आणि बसवर चालणाऱ्या कुटुंबासाठी

मोटार विकून टाकण्याचा संकल्प करून या कामाला सुरुवात करू नये. असे संकल्प पहिल्या जोरदार पावसात किंवा घरातल्या पहिल्या आजारपणात मोडतात आणि हौसेने घेतलेली सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडते. मोटार आहे तिथे राहू द्यावी आणि तिच्याकडून एकेक फेरी काढून घेत जावे. पुढचे विवेचन कोथरूडमधील एक चौकोनी कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. आईचे कार्यालय कल्याणीनगरला आहे, वडिलांचे शिवाजीनगरला आणि मुलांची शाळा घरापासून दोन किलोमीटरच्या आत आहे. ज्यांचे घर हडपसरला किंवा पिंपरीला असेल, त्यांनी स्थानकांची नावे बदलून घ्यावीत. क्रम तोच राहील.

फेऱ्यांची नोंद

एक आठवडा फ्रिजवर कागद लावून ठेवावा आणि घरातून निघालेली प्रत्येक फेरी त्यावर लिहावी : कोण गेले, कुठे गेले, किती वाजता, किती अंतर आणि बरोबर काय सामान होते. सामानाचा रकाना बहुतेक जण गाळतात. प्रत्यक्षात निर्णय त्याच्यावरच ठरतो. पोहण्याची पिशवी कॅरियरवर बसते, तबल्याची जोडी बसत नाही.

आठवडा संपल्यावर चार किलोमीटरच्या आतील फेऱ्यांवर खूण करावी. शाळा, शिकवणी, भाजी, बँक आणि औषधांचे दुकान यांतल्या बऱ्याचशा फेऱ्या तिथे सापडतील. सावकाश चालवणाऱ्यालाही हे अंतर सायकलने पंधरा ते वीस मिनिटांचे आहे आणि संध्याकाळी कर्वे रस्त्यावर मोटारीलाही याहून फार कमी वेळ लागत नाही. खूण केलेल्या फेऱ्यांपैकी सर्वांत जवळची आणि सर्वांत जास्त वेळा होणारी अशी एकच फेरी निवडावी आणि तीन-चार आठवडे तेवढीच सायकलने करावी. एकदम सर्व फेऱ्या बदलल्या की सकाळी घरात कोणाला काय हवे याचा गोंधळ उडतो आणि दोष सायकलीच्या माथी जातो.

सायकल कोणती घ्यावी

दुकानात पुढे मांडलेली जाड टायरची, सस्पेन्शनवाली सायकल दिसायला रुबाबदार असते, पण तिला बहुधा मडगार्ड नसते, कॅरियर नसते आणि चेनकव्हरही नसते. घरकामासाठी हे तिन्ही हवे असतात, शिवाय भक्कम स्टँड, घंटी आणि पुढे-मागे दिवे. ताठ बसता येईल अशी, मध्यम जाडीच्या टायरची साधी सायकल या कामाला उत्तम. साडी नेसणारे किंवा ओढणी घेणारे कोणी ती चालवणार असेल, तर मागच्या चाकाला जाळी बसवून घ्यावी.

गिअर हवेत की नकोत, हे घर कुठे आहे यावर ठरते. कोथरूडहून डेक्कनला जाताना हलका उतार आणि येताना तेवढाच चढ असतो, तो बिनगिअरच्या सायकलीवरही जमतो. धनकवडी, बिबवेवाडी किंवा चांदणी चौकापलीकडे बावधनला राहणाऱ्यांनी मात्र मागचे सहा-सात गिअर घ्यावेतच. गुडघे कुरकुरत असतील तर विजेवर चालणाऱ्या सायकलीचा विचार करावा. तिची मोटर २५० वॉटपेक्षा कमी क्षमतेची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत मर्यादित असेल, तर नियमानुसार तिला नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही.

सीटची उंची दुकानातच ठरवून घ्यावी : पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पुण्यात असंख्य लोक सीट फार खाली ठेवून चालवतात आणि चढावर दम लागला की वयाला दोष देतात.

निघण्यापूर्वीची तपासणी दोन मिनिटांची आहे. टायर अंगठ्याने दाबून पाहावा. किती हवा भरावी हे टायरच्या कडेवर छापलेले असते आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला तो आकडा आवर्जून सांगावा. नंतर मागचा ब्रेक आवळून सायकल पुढे ढकलावी. चाक फिरता कामा नये, ते घासत यायला हवे. पुढचा ब्रेक आवळून ढकलल्यावर मागचे चाक जमिनीवरून थोडे उचलले गेले, तर तोही ठीक आहे. ब्रेकचे रबर झिजून धातूची पट्टी रिमला लागू लागली की कर्कश आवाज येतो. तिथवर वाट पाहू नये.

कुलपावर कंजुषी करू नये. मागचे चाक आणि फ्रेम दोन्ही एखाद्या पक्क्या खांबाला एकत्र अडकतील एवढे लांब कुलूप हवे. सोसायटीतही सायकलीची जागा दारापासून, निदान लिफ्टपासून जवळ मिळावी म्हणून चिटणीसांशी बोलून ठेवावे. चार मोटारींच्या मागे अडकलेली सायकल कोणी रोज बाहेर काढत नाही.

रस्ता नव्याने शोधावा

मोटारीने ज्या रस्त्याने जातो त्याच रस्त्याने सायकल नेणे ही सवय सोडावी लागते. कोथरूडहून डेक्कनला जायचे तर मयूर कॉलनीच्या आतल्या रस्त्यांनी एरंडवण्यापर्यंत यावे आणि पुढे कर्वे रस्त्याऐवजी प्रभात रस्त्याच्या गल्ल्या धराव्यात. अंतर थोडे वाढते, पण झाडांची सावली मिळते आणि पीएमपीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, बसबरोबर अंग घासत जावे लागत नाही. रविवारी सकाळी सातच्या सुमारास हा रस्ता एकदा पालथा घालावा, आणि मग एखाद्या कामाच्या दिवशी त्याच वेळेला, ज्या वेळेला रोज जायचे आहे. नदीपात्रातील रस्ता उन्हाळ्यात सोयीचा वाटतो, परंतु खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की तो रस्ता आणि भिडे पूल दोन्ही बंद होतात, म्हणून पावसाळ्यात त्याच्या भरवशावर राहू नये.

जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता एकेरी आहेत आणि सायकलने उलट दिशेने जाणे हा चुकीचा व धोक्याचा उद्योग आहे. तसे जायचेच असेल तर खाली उतरून पदपथावरून सायकल हातात धरून चालावे. महापालिकेचे सायकल मार्ग काही रस्त्यांवर आहेत, पण त्यांत मधेच विजेची पेटी, उभ्या दुचाकी किंवा एखादी टपरी येते. पुणे हे सायकलींचे शहर होते, हे सांगणारे पावलोपावली भेटतात; त्यांच्या आठवणीतल्या रस्त्यांवर आजची गर्दी नव्हती, हेही लक्षात ठेवावे. मार्ग मोकळा असेल तिथे तो वापरावा, नसेल तिथे रस्त्याच्या डावीकडून, परंतु उभ्या मोटारींपासून निदान एक हात अंतर ठेवून चालवावे. मोटारीचे दार अचानक उघडते तेव्हा ब्रेक दाबायला वेळ मिळत नाही.

मेट्रोशी जोडणी

लांबच्या फेऱ्यांसाठी सायकलीने फक्त स्थानकापर्यंत जावे. वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट असे मेट्रोचे दोन मार्ग असून ते जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकांना मिळतात. आपल्या उदाहरणातील आईला वनाज किंवा आनंदनगरहून कल्याणीनगरपर्यंत गाडी न बदलता जाता येते. वडिलांचा प्रवास मात्र विचार करण्यासारखा आहे. नकाशात पाहिले तर जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची आणि पुढचे शिवाजीनगर हे एकच स्थानक जायचे, एवढे सोपे दिसते. प्रत्यक्षात वनाजचा मार्ग तिथे उंचावर आहे आणि स्वारगेटचा मार्ग जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे. एकामागून एक सरकते जिने उतरण्यात आणि पुढची गाडी येण्याची वाट पाहण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात माणूस शिवाजीनगरच्या अर्ध्या वाटेपर्यंत चालत जातो. एका स्थानकासाठी गाडी बदलू नये; स्वारगेट, मंडई किंवा पिंपरीकडे जायचे असेल तेव्हा जरूर बदलावी आणि त्यासाठी दहा मिनिटे हाताशी ठेवावीत.

खरी अडचण दुसऱ्या टोकाला असते. कल्याणीनगरची कार्यालये स्थानकापासून लांबवर पसरलेली आहेत. रोज रिक्षा केली तर मेट्रोत वाचलेले पैसे तिथेच जातात. यावर एक जुना पण चांगला उपाय म्हणजे दुसऱ्या टोकाला एक स्वस्त, वापरलेली सायकल कुलूप लावून ठेवणे : सकाळी स्थानकावरून कार्यालयात, संध्याकाळी परत स्थानकात. रात्रभर ती कुठे सुरक्षित राहील याची चौकशी मात्र आधी करावी, कारण सायकल लावण्याची सोय प्रत्येक स्थानकात सारखी नाही.

मेट्रोचे तिकीट दहा रुपयांपासून पस्तीस रुपयांपर्यंत आहे. विद्यार्थ्यांना, तसेच शनिवार-रविवारी सर्वांनाच ३० टक्के सवलत मिळते. रविवारी मंडईतून भाजी आणायला कुटुंबाने मेट्रोने जावे, असे मी अगदी आग्रहाने सांगेन; मंडई स्थानक बाजाराच्या शेजारी आहे आणि त्या भागात मोटार लावायला जागा शोधणे हा छळ आहे.

बस

मेट्रो जिथे पोहोचत नाही तिथे पीएमपी जाते. तिच्याविषयीची सर्वांत मोठी तक्रार म्हणजे बस कधी येईल ते कळत नाही. ‘आपली पीएमपीएमएल’ या ॲपवर बस कुठवर आली ते पाहता येते आणि तिकीटही काढता येते. त्यामुळे थांब्यावर जाऊन तिष्ठण्याऐवजी घरातूनच अंदाज घेऊन निघावे. २०२५ च्या जूनमधील भाडेवाढीनंतर पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या हद्दीतील दैनिक पास ७० रुपयांना झाला. ज्या दिवशी दोन-तीन ठिकाणी कामे आहेत, त्या दिवशी तो काढावा, एकाच फेरीसाठी काढू नये. लहान मुलांना बसची सवय लावताना गर्दीच्या वेळा टाळाव्यात आणि मागच्या दाराने चढून पुढच्या दाराने उतरण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून शिकवावी.

मुले

जे मूल पाठ ताठ ठेवून आधाराशिवाय बसू शकते, त्याला पट्टे असलेल्या मागच्या बेबी सीटमध्ये बसवावे. तिला पाय ठेवायची बंदिस्त जागा असलीच पाहिजे, कारण मुलाचा पाय आऱ्यांमध्ये जाणे हा सायकलवरचा सर्वांत मोठा धोका असतो. दांडीवर बसवण्याची जुनी पद्धत प्रेमळ असली तरी आजच्या रहदारीत नको. स्वतः चालवणाऱ्या मुलाला पुढे दोन वर्षे चालेल म्हणून मोठी सायकल घेऊ नये. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकलेच पाहिजेत.

शाळेच्या रस्त्यावर सुरुवातीचे काही महिने पालकाने मुलाच्या मागून, थोडे उजवीकडे राहून सायकल चालवावी, म्हणजे मागून येणारे वाहन आधी पालकाला वळसा घालते. चौकात उतरून सायकल हातात धरून रस्ता ओलांडायचा, हा नियम निदान पाचवी-सहावीपर्यंत मोडू देऊ नये. एकाच इमारतीतील तीन-चार मुले एकाच शाळेत जात असतील, तर पालकांनी वार वाटून घ्यावेत. दप्तर पाठीवर न घेता कॅरियरला रबरी पट्ट्याने बांधावे; पाठीवर जड दप्तर असले की मुलाचा तोल वळणावर जातो.

पाऊस

जून ते सप्टेंबर हा या सगळ्याची परीक्षा घेणारा काळ आहे. लांब रेनकोटापेक्षा समोरून हँडलवर पसरणारा पाँचो बरा, आत हवा खेळते. मागच्या मडगार्डला रबराची झडप लावावी, नाहीतर पाठीवर चिखलाची रेघ उमटते. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवावे. रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणे यांवर वळू नये. साचलेल्या पाण्यातून सायकल नेऊ नये, कारण खाली खड्डा आहे की उघडा चेंबर, हे दिसत नाही. चेनला आठवड्यातून एकदा तेल द्यावे. धो धो पाऊस असेल त्या दिवशी सरळ बस किंवा रिक्षा करावी. त्यात कमीपणा काही नाही. त्यासाठी महिन्याच्या खर्चात रिक्षाची रक्कम आधीच वेगळी काढून ठेवावी, म्हणजे ऐन वेळी मोटारीच्या किल्लीकडे हात जात नाही.

उरलेली मोटार

रात्रीचे आजारपण, लग्नकार्य, वयस्क आईवडिलांना घेऊन दवाखाना, एवढ्यासाठी मोटार राहील, आणि राहू द्यावी. गावाला जाण्यासाठी मात्र एसटीचा हिशेब एकदा करून पाहावा. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांचे तिकीट अर्धे असते. चौघांच्या कुटुंबाचे भाडे त्यामुळे इतके खाली येते की पेट्रोल आणि टोल यांची बरोबरी होत नाही.

उभ्या मोटारीची बॅटरी उतरते, म्हणून आठ-दहा दिवसांतून एकदा ती चालवून आणावी आणि टायरमधील हवा पाहावी. किलोमीटरचा आकडा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याच फ्रिजवरच्या कागदावर लिहावा. विम्याचे नूतनीकरण जवळ आले की तो कागद काढून बसावे. ज्यात वापरानुसार हप्ता ठरतो असे जोडविमे (मूळ विम्याला जोडून घ्यायचे विमे) जुलै २०२२ पासून विमा नियामकाच्या परवानगीने देशात मिळू लागले आहेत. कमी चालणाऱ्या मोटारीसाठी ते स्वस्त पडतात का, हे आपल्या कंपनीला विचारावे. घरात दोन मोटारी असतील आणि त्यातली एक वर्षभरात फक्त बॅटरीसाठीच फिरवून आणली असेल, तर तिचा विमा भरण्याआधी ती विकायला काढावी. त्या मोटारीची सर्व्हिसिंग आणि प्रदूषण तपासणीही त्याबरोबर संपते आणि सोसायटीत मोकळी झालेली ती जागा घरातल्या सगळ्या सायकली लावायला पुरते.