भाडं किती परवडेल याचा हिशोब करताना या चुका टाळा (आम्ही सगळ्या करून बसलोय)

विक्रोळीला कन्नमवार नगरात रूम बघायला गेलो तेव्हा ब्रोकरने नवऱ्याला एकच प्रश्न विचारला, "पगार किती दादा?" नवरा म्हणाला चाळीस. "मग काय, तिसरा हिस्सा भाड्याला जातोच मुंबईत, साडेतेरात देतो बघा." आणि आम्ही माना डोलावल्या. भांडुपला टेंभीपाड्यात सात हजारात राहणारी माणसं आम्ही, पण तिथे चढ होता, पावसाळ्यात पायऱ्यांवरून पाणी वाहायचं, आणि इथे बिल्डिंग, स्वतःचं बाथरूम, खिडकीतून झाड. झाड बघून मी पाघळले हे कबूल करते.

सात महिन्यांत ते घर सोडावं लागलं. त्या सात महिन्यांत जे कळलं ते लिहितेय, कारण आता नात्यातलं कोणी रूम शोधायला लागलं की मलाच फोन येतो.

पहिली आणि सगळ्यात महागातली चूक म्हणजे सीटीसी (कंपनी आपल्यावर करते तो एकूण खर्च) धरून चालणं

चाळीस हजार हा ऑफर लेटरवरचा आकडा होता. त्यात बेसिक वीस हजार, कंपनीच्या वाट्याचा पीएफ 2,400 आणि ग्रॅच्युइटीचे साधारण 960 हे त्याच चाळीसमध्ये धरलेले. उरले छत्तीस हजार सहाशेच्या आसपास, त्यातून आपल्या वाट्याचा पीएफ परत 2,400 कापला जातो आणि प्रोफेशनल टॅक्स 200 (फेब्रुवारीत 300). हातात किती येतात? 34,000. म्हणजे ब्रोकरचा तिसरा हिस्सा मुळातच न मिळणाऱ्या पैशाचा होता. साडेतेरा हजार म्हणजे हातातल्या पगाराचे जवळजवळ 40 टक्के झाले.

त्यामुळे घर बघायला निघायच्या आधी मागच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप काढा आणि त्यातला सगळ्यात कमी आकडा धरा, ज्या महिन्यात ओव्हरटाईम नव्हता किंवा दोन दिवस बिनपगारी पडले तो. माझी ट्यूशन असते, महिन्याला चार ते सहा हजार, ते पण आम्ही धरलं होतं. पण ट्यूशन मे महिन्यात बंद, मुलं गावाला, आणि लगेच जूनमध्ये शाळेची वह्या-पुस्तकं-रेनकोट. जे उत्पन्न मे महिन्यात गावाला जातं ते भाड्यात धरायचं नाही, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही.

अजून एक, "एचआरए (पगारातला घरभाडे भत्ता) आहे ना, टॅक्स वाचेल" असं सांगून जास्त भाड्याचं घर गळ्यात मारणारे भेटतात. नव्या टॅक्स पद्धतीत एचआरएची सूट नाहीच. आणि 2025-26 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे टॅक्स लागत नाही, मग चाळीस हजारवाल्याचा वाचणार कुठला टॅक्स.

तीस टक्क्यांचा नियम

हा सगळीकडे वाचायला मिळतो, पगाराच्या तीस टक्के भाडं. हा आकडा अमेरिकेतला आहे, तिथे सरकारी घरात राहणाऱ्या गरीब भाडेकरूंकडून उत्पन्नाच्या किती टक्के घ्यायचे त्याची मर्यादा म्हणून 1969 मध्ये 25 टक्के ठरले आणि 1981 मध्ये ते 30 झाले. त्यात तुमचे गावी पाठवायचे पैसे नाहीत, भिशी नाही, फ्रीजचा हप्ता नाही, गणपतीला कोकणात जायचं नाही. त्यामुळे टक्के बाजूला ठेवा आणि उलट्या बाजूने मोजा, आधी बाकी सगळं वजा करा, उरेल ते भाडं.

आमचा कागद असा होता, म्हणजे तेव्हा केला असता तर असा झाला असता. हातात 34,000. गावी सासूबाईंना 4,000. किराणा, दूध, भाजी, गॅस 9,000. लाईट बिल 1,200. पास आणि रिक्षा 2,500. मोबाईल-वायफाय 1,000. आरडी (बँकेतली दर महिन्याची बचत) 2,000. फ्रीजचा हप्ता 2,800. औषधं आणि किरकोळ 1,500. झाले 24,000. उरले दहा. आता तुम्ही म्हणाल दहा हजार भाडं परवडतं. नाही परवडत. गणपती, दिवाळी, जूनची शाळा, कोणाचं तरी लग्न, हे वर्षाला कमीत कमी चोवीस हजार खातं, म्हणजे महिन्याला दोन हजार आधीच बाजूला काढायचे. उरले 8,000.

आठ! आणि आम्ही साडेतेरा देत होतो, आणि दर 25 तारखेला मी नवऱ्याला विचारत होते की पैसे जातात कुठे.

आठ हजारात मुंबईत काय मिळतं हा प्रश्न बरोबर आहे, कुटुंबासाठी धड घर मिळणं कठीणच. पण आकडा बाजाराला आवडला नाही म्हणून तो बदलायचा नसतो. फार तर फ्रीजचा हप्ता कधी संपतो ते बघा, आरडी थोडी कमी करता येते का बघा, किंवा एकटे असाल तर दोघा-तिघांत रूम घ्या. गावी पाठवायचे पैसे मात्र कमी धरू नका, ते कागदावर कमी होतात, प्रत्यक्षात होत नाहीत.

नुसतं भाडं बघणं

घरात पाऊल टाकायच्या दिवशी आमचे किती गेले? डिपॉझिट 60,000, ब्रोकरेज एक भाडं म्हणजे 13,500, पहिलं भाडं 13,500, टेम्पो आणि हमाल 4,500, अॅग्रीमेंटचा अर्धा खर्च 1,500. बेरीज 93,000. डिपॉझिटसाठी नवऱ्याने ऑफिसच्या पतपेढीतून पन्नास हजार उचलले, वर्षभरासाठी, हप्ता साडेचार हजार. म्हणजे भाडं तेरा-साडेतेरा नव्हतंच, 18,000 होतं, चौतीसमधले अठरा.

डिपॉझिट परत मिळतं हो, पण ब्रोकरेज, टेम्पो, अॅग्रीमेंट हे 19,500 गेले ते गेले. ते 11 महिन्यांवर वाटले तरी महिन्याला पावणेदोन हजार होतात, आणि आम्ही तर सात महिन्यांतच बाहेर पडलो. म्हणून दर अकरा महिन्यांनी घर बदलायची वेळ येणार असेल तर थोडं जास्त भाडं पण तीन वर्षं नक्की राहू देणारा मालक परवडतो. भाडं ठरवताना पुढच्या वर्षीची वाढ किती ते पण अॅग्रीमेंटमध्ये टाकून घ्या, तोंडी "बघू नंतर" वर थांबू नका.

मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, पाणी टँकरचं असेल तर त्याचे पैसे कोण देणार, भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी मालकाकडून नॉन ऑक्युपन्सी चार्जेस घेते ते तुमच्या माथी मारणार का, हे टोकन (घर पक्कं करायला दिलेले आगाऊ पैसे) द्यायच्या आधी विचारा. टोकन दिल्यावर विचारलं की उत्तर बदलतं.

लांब म्हणजे स्वस्त?

लोकलचा सेकंड क्लासचा पास खरंच स्वस्त आहे, त्याने कोणी बुडत नाही. बुडवते ती स्टेशन ते घर रिक्षा. ब्रोकरची "स्टेशनपासून पाच मिनिटं" ही बाईकवरची असतात, तीही रात्री दोन वाजता. मीटर रिक्षाचं पहिलं भाडं फेब्रुवारी 2025 पासून 26 रुपये आहे, जाऊन-येऊन 52, महिन्याचे 26 दिवस धरले तर 1,352. एका माणसाचे. नवरा-बायको दोघं वेगवेगळ्या वेळेला निघणार असाल तर दुप्पट, म्हणजे अडीच-तीन हजाराने स्वस्त म्हणून घेतलेलं घर तिथेच बरोबरीत आलं. शेअर रिक्षा असेल तर कमी, पण पावसात तिची लाईन बघून या एकदा. घर फायनल करायच्या आधी वर्किंग डेला सकाळी त्या स्टेशनवरून तुमची नेहमीची गाडी पकडून बघा. रविवारी घर बघायला गेलात तर सगळं छानच वाटतं, मेगाब्लॉक असला तरी.

भाडं बाजारापेक्षा कमी का, हे न विचारणं

हे आमच्या बाबतीत झालं. साडेतेरा आम्हाला जास्त होतं पण त्या भागाच्या मानाने कमी होतं, आणि आम्ही खुश की घासाघीस जमली. घासाघीस कसली, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला, म्हणजे पाडून नव्याने बांधायला, जायची होती. शेजारच्या काकूंना माहीत, वॉचमनला माहीत, जिन्याखाली सोसायटीच्या बोर्डावर मीटिंगची नोटीस लावलेली, आम्ही रोज त्या बोर्डासमोर चपला शोधायचो आणि वाचली नाही. सातव्या महिन्यात मालकाचा फोन, महिनाअखेर खाली करा. अशा वेळी मालकाला बिल्डरकडून दुसरीकडे राहायचं भाडं मिळतं. भाडेकरूला टेम्पोचा खर्च.

जुन्या म्हाडा बिल्डिंगीत, चाळीत किंवा चाळीस-पन्नास वर्षांच्या सोसायटीत घर घेताना मालकाला नाही, वॉचमनला आणि खालच्या वाण्याला विचारा. आणि मुदतीच्या आत मालकाने घर खाली करायला लावलं तर ब्रोकरेजचा काही भाग परत देईल असं एक वाक्य लिहून घ्यायचा प्रयत्न करा, सगळे मालक ऐकत नाहीत पण विचारल्यावर चेहऱ्यावरून कळतं.

हेवी डिपॉझिट

"भाडं नको, पाच लाख डिपॉझिट द्या" ऐकायला भारी वाटतं. पण तो पैसा मालकाने दुसरीकडे लावलेला असतो आणि तुम्ही निघताना तो पुढचा भाडेकरू आणेपर्यंत देत नाही, म्हणजे तुमचं पुढचं घर अडकलं. त्यात काही जण अॅग्रीमेंटमध्ये डिपॉझिट पन्नास हजार दाखवतात आणि बाकीचे रोख, हे तर अजिबात करू नका. पूर्ण रक्कम बँकेतून द्या आणि पूर्ण रक्कम लिहून घ्या.

रजिस्टर अॅग्रीमेंटचा खर्च वाचवणारे पण बघितलेत. स्टॅम्प ड्यूटी एकूण भाड्याच्या पाव टक्का असते, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून ते मिळवतात. आमच्या घराची 385 रुपये झाली, वर महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. बाकीचे एजंटचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे हेच भाड्याचं अॅग्रीमेंट) लेखी आणि रजिस्टर करणं ही मालकाची जबाबदारी आहे, न केल्यास त्याला शिक्षा आहे. पण मुदत संपल्यावर न सोडता तसंच राहिलात तर कलम 24 प्रमाणे दुप्पट भाडं लागू शकतं, हेही त्याच कायद्यात आहे, तेव्हा तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आधीच अडकला असाल तर

पहिलं म्हणजे किराणा क्रेडिट कार्डावर टाकायला लागलात की समजा घर परवडत नाहीये, त्याला "या महिन्यात जरा जास्त झालं" म्हणायचं बंद करा. आम्ही तीन महिने तेच म्हणत होतो आणि चौथ्या महिन्यात माझ्या भिशीचा नंबर लागला तो अख्खा भाड्यात गेला. अॅग्रीमेंट काढून लॉक-इन (ज्या मुदतीत घर सोडायचं नसतं ती) किती आणि नोटीस किती ते वाचा, साधारण एक महिन्याची नोटीस असते पण लॉक-इनमध्ये निघालात तर उरलेलं भाडं मागू शकतात. मालकाशी भाडं थकायच्या आधी बोला. थकल्यावर बोललात तर ती विनवणी होते, आधी बोललात तर व्यवहार. कोणाला सोबत ठेवून भाडं वाटून घ्यायचं असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या, परस्पर ठेवू नका.

आणि नवीन घर घेण्याआधी ही एक गोष्ट करा जी आम्ही दुसऱ्या वेळी केली. जुन्या स्वस्त घरात असतानाच तीन महिने नवीन आणि जुन्या भाड्यातल्या फरकाइतके पैसे पगाराच्या दिवशी बाजूला टाका. म्हणजे आता सात देताय आणि साडेनऊचं घर बघताय तर अडीच हजार वेगळ्या खात्यात, हात लावायचा नाही. तिसऱ्या महिन्याच्या 25 तारखेला ते तसेच असतील तर घर परवडतं, आणि डिपॉझिटला साडेसात हजार जमले ते वेगळे. काढावे लागले असतील तर उत्तर मिळालं, तेही टेम्पो न बोलावता.

विक्रोळीहून निघाल्यावर आम्ही आठ महिने माझ्या भावाकडे मुलुंडला राहिलो, त्याला सात हजार देऊन, आणि वर अडीच बाजूला टाकून. तोपर्यंत फ्रीजचा हप्ता आणि पतपेढीचं कर्ज दोन्ही फिटले. मग परत भांडुप, साडेनऊ हजार, ब्रोकर नाही, दूधवाल्याने सांगितलेली रूम. चढ आहे. झाड नाही.

हां, एक राहिलं. किल्ली परत देताना मीटरचा फोटो काढून मालकाला त्याच वेळी पाठवा, तारखेसकट. शेवटचं लाईट बिल तुम्ही गेल्यावर येतं आणि तोपर्यंत डिपॉझिटमधून "अंदाजे दोन हजार" कापलेले असतात. आमचे कापले होते, बिल आलं 640 चं.